तो हार आणि ती हार

(संस्थेच्या शाळांच्या वार्षिक क्रीडा स्पर्धांच्या पारितोषिक वितरण समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)





बक्षीस समारंभात बोलायचे म्हणजे विजयावर बोलायचे, असा आपल्याकडे रिवाज आहे. मी मात्र आज सकाळपासून एक निराळाच हिशेब करीत बसलो आहे. बाद पद्धतीच्या स्पर्धेत जितके संघ उतरतात त्यांतून एक वजा केला की जो आकडा येतो तितके पराभव होतात. आठ संघ असतील तर सात पराभव व्हायचेच. त्याला पंच, प्रशिक्षक किंवा मुख्याध्यापक यांपैकी कोणाचाही इलाज नाही. म्हणजे या मंडपात जिंकलेले मूठभर आणि हरलेले पोतेभर बसले आहेत, आणि भाषणे सगळी मूठभरांसाठी होतात. आज पोत्याकडे वळावे असा माझा विचार आहे.

मी मराठी शिकवतो, त्यामुळे व्याकरण सुटत नाही. आपल्या भाषेत 'हार' हा शब्द मोठा गमतीचा आहे. जिंकणाऱ्याच्या गळ्यात पडतो तो हार, आणि हरणाऱ्याच्या पदरी पडते ती हार. फरक फक्त लिंगाचा! तो हार संध्याकाळपर्यंत सुकतो आणि खुंटीवर जातो. ती हार मात्र कित्येकांच्या गळ्यात वर्षानुवर्षे तशीच राहते, कारण ती काढून कशी ठेवायची हे कोणी शिकवलेलेच नसते.

१९ नोव्हेंबर २०२३ ची रात्र येथील बहुतेक मुलांना आठवत असेल. ओळीने दहा सामने जिंकून आपला संघ अहमदाबादला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात उतरला आणि ऑस्ट्रेलियाकडून सहा गड्यांनी हरला. दुसऱ्या दिवशी शाळेत निम्मा वर्ग न जेवता आलेला. जे अकरा जण हरले ते जेवले असतील, पण आमचे आठवीचे वीर उपाशी! मी हसलो नाही. बारा-तेरा वर्षांच्या मुलाचे दुःख आपल्याला लहान दिसते, कारण ते आपण लांबून पाहतो.

हरल्यावर माणूस पहिल्यांदा काय करतो? कारण शोधतो. आमच्या कबड्डीच्या मुलांनी गेल्या काही वर्षांत सांगितलेली कारणे मी लक्षात ठेवली आहेत. पंच त्यांच्या गावचे होते. ऊन डोळ्यांवर होते. मैदान उताराचे होते. त्यांची मुले दहावीची नसून दहावीत तीनदा बसलेली होती. एकाने तर सांगितले, "सर, त्यांच्या बाजूला प्रेक्षक जास्त होते, म्हणून हवा कमी पडली आणि माझा दम तुटला." विज्ञानाच्या शिक्षकांनी या मुलाकडे लक्ष द्यावे अशी माझी विनंती आहे. नाचता येईना अंगण वाकडे ही म्हण आपल्या शाळांची मैदाने पाहूनच कोणाला तरी सुचली असावी, कारण आपली मैदाने खरोखरच वाकडी आहेत. पण वाकड्या मैदानावर दोन्ही संघ खेळतात, आणि मध्यंतराला बाजू बदलतात, एवढे कारण सांगताना लक्षात राहात नाही.

कारणे सांगणे आणि विनोद करणे या दोन गोष्टी दिसायला जवळच्या आहेत. दोन्हींत हरलेला माणूस बोलत असतो. पण कारण सांगणारा स्वतःला चित्रातून बाहेर काढतो, आणि विनोद करणारा स्वतःला चित्राच्या मधोमध उभा करतो. मला आज सांगायचे आहे ते एवढ्याच फरकाविषयी.

याचे सर्वांत जुने आणि सर्वांत मोठे उदाहरण क्रिकेटमधले आहे. १८८२ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या ओव्हल मैदानावर इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया यांचा सामना झाला. इंग्लंडला जिंकायला फक्त ८५ धावा हव्या होत्या. त्यापूर्वी घडले असे की, ऑस्ट्रेलियाचा जोन्स नावाचा तरुण फलंदाज धाव पूर्ण करून खेळपट्टी थापटायला पुढे गेला, आणि डब्ल्यू. जी. ग्रेस या दाढीवाल्या महापुरुषाने त्याला धावबाद केले. नियमाने बरोबर, पण रीतीने नव्हे. स्पॉफर्थ हा वेगवान गोलंदाज त्यामुळे असा खवळला की त्याने इंग्लंडचा डाव ७७ वर संपवला. सात धावांनी पराभव! आणि तोही आपल्याच अंगणात, वसाहतीतून आलेल्या पोरांकडून.

आता यावर इंग्लंडने काय करावे? 'स्पोर्टिंग टाइम्स' नावाच्या पत्राने एक मृत्युलेख छापला. इंग्लिश क्रिकेटचे ओव्हलवर निधन झाले असून, दहन होऊन रक्षा ऑस्ट्रेलियाला नेण्यात येईल, अशा आशयाचा. ज्याने तो लिहिला त्या ब्रूक्सला आपण काय करून ठेवले याची कल्पना नसावी. त्याच वर्षी आयव्हो ब्लाय नावाचा कर्णधार संघ घेऊन ऑस्ट्रेलियाला निघाला, तो 'ती रक्षा परत आणतो' असे म्हणतच. तेथे काही स्त्रियांनी त्याला गंमत म्हणून एक चिमुकली मातीची कुपी भेट दिली. त्या स्त्रियांपैकी एकीशी, फ्लॉरेन्स मॉर्फीशी, ब्लायसाहेबांनी १८८४ मध्ये लग्नही केले. राख आणायला गेले आणि संसार घेऊन आले! ती कुपी वीतभरसुद्धा उंच नाही. ती आज लॉर्ड्सच्या संग्रहालयात आहे, आणि तिच्या नावाने दोन देश एकशे चाळीस वर्षांहून अधिक काळ भांडत आहेत. जगात अनेक ढाली आहेत, करंडक आहेत. पण ज्याचा जन्म हरलेल्यांच्या विनोदातून झाला असे हे एकच मानचिन्ह मला माहीत आहे.

आता आपल्या घरी येऊ. १९७१ मध्ये अजित वाडेकरांच्या संघाने आधी वेस्ट इंडीजमध्ये आणि मग इंग्लंडमध्ये मालिका जिंकली. असे पूर्वी कधी झाले नव्हते. इंदूर शहरात तर त्या विजयाची आठवण म्हणून काँक्रीटची भलीमोठी बॅट उभारण्यात आली. तिला 'विजय बल्ला' म्हणतात. तीन वर्षांनी तेच वाडेकर पुन्हा इंग्लंडला गेले. २४ जून १९७४ रोजी लॉर्ड्सवर आपला दुसरा डाव अवघ्या ४२ धावांत संपला. त्यांतल्या १८ एकट्या एकनाथ सोलकरच्या, त्याही नाबाद. मालिका तीन-शून्य अशी गेली. आणि इंदूरच्या लोकांनी काय केले? ज्या बॅटीला हार घातले होते, त्याच बॅटीला विद्रूप केले. वाडेकरांची कसोटी कारकीर्द त्याच दौऱ्यात संपली.

काँक्रीटच्या बॅटीचा काय दोष? ती तर लॉर्ड्सला गेलीही नव्हती. मला वाटते, ज्या समाजाला बॅटीचा पुतळा उभारता येतो पण ४२ या आकड्यावर हसता येत नाही, त्याच्या हातात दगड येणारच. हसणे आणि दगड मारणे, दोन्हींनी मनातली वाफ जाते. फक्त दगड कोणाला तरी लागतो.

हे गमतीने सांगत असलो तरी ही गंमत नव्हे. १९५० मध्ये ब्राझील आपल्याच मैदानावर, विश्वचषकाच्या निर्णायक सामन्यात उरुग्वेकडून २-१ ने हरला. गोलरक्षक होता बार्बोसा. तो २००० साली वारला, तोपर्यंतची पन्नास वर्षे लोक त्याच्याकडे बोट दाखवीत राहिले. आपल्या देशात जास्तीत जास्त शिक्षा तीस वर्षांची असते, मी मात्र पन्नास भोगली, असे तो म्हणत असे. कोलंबियाचा आंद्रेस एस्कोबार याला तेवढेही आयुष्य मिळाले नाही. २२ जून १९९४ रोजी त्याचा पाय लागून चेंडू स्वतःच्याच गोलात गेला. दहा दिवसांनी त्याच्याच गावी त्याला गोळ्या घालण्यात आल्या. तो सत्तावीस वर्षांचा होता.

म्हणून मी म्हणतो की हा विषय हलका नाही. पालकहो, आपण कोणी गोळी घालत नाही. आपण फक्त दारात उभे राहून विचारतो, "आलात का हात हलवत?" शेजारचे चाचा विचारतात, "काय रे, किती लोण खाल्ले?" मागे एकदा आमच्या संघावर दोन लोण चढले तेव्हा नाक्यावरच्या कोणीतरी आमच्या एका खेळाडूला हाक मारून विचारले, "लोण खाल्ले, आता लोणचे पण घेऊन जा!" पोरगा आठ दिवस सरावाला आला नाही. आणि ऐकण्यासारखी गोष्ट अशी की, नंतर वर्गात हाच विनोद त्याच्याच कर्णधाराने स्वतःवर केला, "आमच्या डब्यात आता वर्षभर लोणचे आहे," तेव्हा सगळा वर्ग हसला आणि हा मुलगा सर्वांत मोठ्याने हसला. शब्द तेच, लोणचेही तेच. पण एक बरणी बाहेरच्याने अंगावर फेकली होती, आणि दुसरी हरणाऱ्याने स्वतःच्या हाताने उघडली होती. पराभवावरच्या विनोदाचा पहिला हक्क हरणाऱ्याचा. त्याने दार उघडले तर आपण आत जावे, नाहीतर बाहेर गप्प उभे राहावे. जिंकणाऱ्याने तर हसूच नये. त्याला हसायला दुसरी कारणे पुष्कळ आहेत.

आता विद्यार्थी मनात म्हणतील, सरांनी बरे सोपे करून दिले. हरा, हसा आणि घरी जा! तर तसे नाही. भागवत चंद्रशेखर यांचे नाव तुमच्यापैकी थोड्यांनी ऐकले असेल. लहानपणी पोलिओने त्यांचा उजवा हात अधू झाला. त्याच हाताने त्यांनी ५८ कसोटींत २४२ बळी घेतले, आणि १९७१ ला ओव्हलवर ३८ धावांत सहा गडी बाद करून इंग्लंडमधली आपली पहिली मालिका जिंकून दिली. पण हातात बॅट आली की चंद्रशेखर म्हणजे सर्वांना दिलासा. समोरच्या संघाला, म्हणजे! साऱ्या कारकीर्दीत धावा १६७. म्हणजे धावांपेक्षा बळी जास्त. शून्यावर बाद होण्याची पाळी तेवीस वेळा आली. १९७७-७८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात त्यांनी चार शून्ये काढली, तेव्हा एका बॅट बनवणाऱ्या कंपनीने त्यांना खास बॅट भेट दिली. तिच्या मधोमध भोक होते! त्यांनी ती फेकून दिली नाही, जपून ठेवली.

न्यूझीलंडमधली त्यांची गोष्ट तर ठिकठिकाणी सांगितली जाते. पंच काही केल्या त्यांचे अपील मान्य करीनात. शेवटी एकाचा त्रिफळा उडाला, तरी यांनी पंचांकडे वळून अपील केले. पंच म्हणाले, "अहो, त्रिफळा उडाला आहे!" हे म्हणाले, "ते मला दिसते आहे, पण तो बाद आहे का?" अन्यायाची तक्रार करण्याची इतकी सभ्य तऱ्हा मला दुसरी माहीत नाही.

पण चंद्रशेखर यांची बॅट पाहून हसताना त्यांचा चेंडू विसरू नका. भोक बॅटीला होते, गोलंदाजीला नव्हते. जो सरावाला येतच नाही आणि हरल्यावर विनोद करतो, तो विनोदी नव्हे, नुसता आळशी. असे एक-दोन नमुने प्रत्येक संघात असतात. नावे घेत नाही, ते आत्ता खाली पाहत आहेत.

आणखी एक उदाहरण झटकन सांगतो. जून १९५२, लीड्स. आपला दुसरा डाव सुरू झाला आणि धावफलकावर आकडा लागला, शून्य धावांत चार बाद. पंकज रॉय, दत्ता गायकवाड, माधव मंत्री, विजय मांजरेकर. यांतल्या मांजरेकरांनी पहिल्याच डावात १३३ केल्या होत्या! तेव्हा कर्णधार विजय हजारे आणि दत्तू फडकर यांनी उभे राहून डाव १६५ पर्यंत नेला. सामना गेलाच. पंकज रॉय यांनी तर त्या मालिकेतल्या सात डावांत पाच शून्ये काढली. चार वर्षांनी, जानेवारी १९५६ मध्ये, मद्रासला त्याच रॉय यांनी विनू मंकड यांच्याबरोबर पहिल्या गड्यासाठी ४१३ धावा जोडल्या. तो विक्रम २००८ पर्यंत, बावन्न वर्षे टिकला. पाच शून्ये पाहून कोणी त्यांना घरी बसवले असते तर?

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. सर्व पराभव हसण्यासारखे नसतात. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकले. तेथे जपानच्या इशीबरोबर लांबलेली कुस्ती हरल्याबरोबर, मध्ये विश्रांती न देता त्यांना सोव्हिएत मल्लासमोर उभे केले गेले. नियमाप्रमाणे विश्रांती मिळायला हवी होती, पण त्यासाठी भांडायला आपला एकही अधिकारी तेथे हजर नव्हता. ती कुस्ती गेली. कांस्यपदक आले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गावाने शंभरावर बैलगाड्या जुंपून मिरवणूक काढली. पण 'पुढच्या वेळी जास्त दंड काढा' असे खाशाबांना सांगणे हा मूर्खपणा झाला असता. तेथे मल्ल कमी पडला नव्हता, त्याच्या मागे उभे राहायचे ते कमी पडले होते. मुले हरतात तेव्हा आपण शिक्षक आणि संस्थाचालकांनी आधी हे पाहावे की बूट, पाणी, गाडी आणि सोबत जाणारा शिक्षक यांपैकी काय कमी पडले होते. ते कमी असेल तर मुलांना खिलाडूवृत्तीचे धडे देण्याचा आपल्याला अधिकार नाही. अध्यक्षसाहेब हसत आहेत, म्हणजे बूट मिळणार असे मी धरून चालतो.

४२ चा आकडा मघाशी सांगितला. आपल्याला वाटले होते की त्याखाली आता काही नाही. १९ डिसेंबर २०२० रोजी ॲडलेडला आपला संघ ३६ धावांत आटोपला. एकालाही दहापर्यंत जाता आले नाही. सर्वांत जास्त ९. शमीचा हात मोडला. कर्णधार कोहली घरी बाळ येणार म्हणून परतणार होता. त्या रात्री खोल्यांची दारे लावून रडत बसणे फार सोपे होते. प्रशिक्षक रवी शास्त्री यांनी सगळ्यांना जेवायला एकत्र बसवले आणि जुनी हिंदी गाणी म्हणायला सुरुवात केली. हळूहळू बाकीचेही गाऊ लागले, असे अश्विनने पुढे एका मुलाखतीत सांगितले आहे. हा ३६ चा आकडा बिल्ल्यासारखा बाहीवर लावून हिंडा, असेही शास्त्रींनी मुलांना सांगितले म्हणे. पाहा, इंदूरच्या बॅटीपासून आपण केवढे लांब आलो! आकडा लपवायचा नाही, पुसायचा नाही, बाहीवर लावायचा.

पुढचे तुम्हाला ठाऊक आहे. अजिंक्य रहाणेने मेलबर्नला ११२ धावा काढल्या आणि आपण आठ गड्यांनी जिंकलो. सिडनीचा सामना अनिर्णित राहिला. ब्रिस्बेनला ऑस्ट्रेलियाला १९८८ पासून कोणी हरवले नव्हते. हैदराबादच्या रिक्षाचालकाचा मुलगा मोहम्मद सिराज त्याच दौऱ्यात पहिली कसोटी खेळला. दौरा सुरू होतानाच त्याचे वडील वारले होते आणि तो तेथेच थांबला होता. ब्रिस्बेनच्या दुसऱ्या डावात त्याने पाच बळी घेतले. सामना जिंकला तो १९ जानेवारी २०२१ रोजी, ३६ नंतर बरोबर एका महिन्याने. गाणी म्हटली म्हणून सामना जिंकला असे मी म्हणणार नाही. गाण्याने चेंडू वळत नाही. पण त्या रात्री जे एकत्र जेवले ते दुसऱ्या दिवशी सरावाला एकत्र गेले असतील, आणि एकमेकांकडे बोट दाखवीत जाणारे तसे गेले नसते.

आमच्या शाळेत गेल्या दोन वर्षांपासून आम्ही एक वही ठेवली आहे. तिला मुलांनीच 'हारवही' असे नाव दिले आहे. हरलेल्या संघाने दुसऱ्या दिवशी तिच्यात एक पान लिहायचे. वरच्या अर्ध्या पानावर स्वतःची थट्टा, हवी तेवढी. खालच्या अर्ध्यावर एकच खरे कारण, तेही स्वतःचे. पंच, ऊन आणि हवा यांना खालच्या अर्ध्यात मज्जाव. प्रतिस्पर्ध्यांची थट्टा दोन्हीकडे बंद. पहिल्या वर्षी वरचा भाग भरगच्च आणि खालचा कोरा असे. आता खालीही शाई दिसू लागली आहे.

यंदाचे शेवटचे पान खो-खोच्या मुलींचे आहे. उपांत्य सामन्यात त्या एका गुणाने हरल्या. त्या समोर बसल्या आहेत आणि त्यांची परवानगी घेऊनच वाचतो आहे. वर लिहिले आहे: "आम्ही इतका जोरात पाठलाग केला की दुसरा संघ पळत पळत अंतिम फेरीत पोहोचला. आम्ही त्यांना तेथे सोडून परत आलो. रस्त्यात अम्मीचा फोन आला, 'जिंकलात का?' आम्ही सांगितले, एक सोडून सगळे गुण मिळाले." खाली लिहिले आहे: "खो मिळायच्या आधीच आम्ही उठतो. तीन वेळा उठलो."

खालच्या ओळीचा सराव बुधवारपासून आहे, संध्याकाळी साडेचारला. जिंकलेल्या मुलींनीही यायला हरकत नाही.